भरतीच्या वेळचा चिखल

"तेजसला कुणी मारलं?" सोवनीने विचारलं.

"जितू मायंगड्याने," मयूरी म्हणाली.

टेबलावरचा हिरवा दिवा लागला.

सोवनी दिव्याकडे बघत राहिला. मग उठून त्याने मयूरीच्या कपाळावरचा पट्टा सैल केला, केस बाजूला सारले आणि पट्टा पुन्हा बसवला. "ताई, आज सकाळी काय खाल्लंत?"

"घावन."

हिरवा.

"पानिपतची तिसरी लढाई कधी झाली?"

"सतराशे एकसष्ट."

निळा. यंत्र ठीक होतं.

"तेजसला कुणी मारलं?"

"जितूने."

पुन्हा हिरवा.

खारशेत ग्रामपंचायतीच्या सभागृहात त्या वेळी दोघंच होती. बाहेर अख्खं गाव उभं होतं. तेजस मयूरीचा धाकटा भाऊ. खाडीच्या बांधावर, पाणी आत घ्यायच्या उघाडीपाशी, डोकं फुटून तो मेला त्या पौष अमावास्येला मयूरी पुण्यात होती. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती आणि त्या दिवशी कामावर होती, याचे हवे तेवढे पुरावे होते. म्हणूनच सोवनीने तिला बसवलं होतं. गावातले सगळे साक्षीदार "मी पाहिलं" म्हणत होते. ज्याने पाहिलेलं नाही हे नक्की, असं एक तरी माणूस तुलनेला हवं. तिचा दिवा निळा लागायला हवा होता.

या यंत्राचं नाव प्रमाणदर्शक. ते खरं-खोटं सांगत नाही, हे त्याच्या प्रत्येक माहितीपत्रकावर पहिल्याच ओळीत छापलेलं असे आणि ती ओळ कुणी वाचत नसे. ते एवढंच सांगतं, की तुमच्या डोक्यात ही गोष्ट आली कुठून. डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग आठवताना मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग पुन्हा जागा होतो आणि त्या जागेचा नकाशाही उमटतो: उजेड कुठून होता, आपण कुठे उभे होतो. ऐकलेली गोष्ट आठवताना डाव्या कानशिलाजवळचा भाषेचा भाग पुढे असतो. स्वतः ताडलेली गोष्ट कपाळामागे जुळवली जाते. पट्ट्यातले शेकडो बारीक संवेदक यातला फरक टिपतात. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना प्राचीन न्यायदर्शन वाचायची हौस होती. त्यांनी तीन दिव्यांना तीन जुनी नावं दिली. हिरवा प्रत्यक्ष, पिवळा अनुमान, निळा शब्द.

पोलीस तपासात यंत्र आलं आणि तीन वर्षांत लोकांची बोली बदलली. लग्न जुळवताना स्थळाची माहिती आणणाऱ्याला पहिला प्रश्न असे, "हिरवं सांगतोयस की निळं?" पिवळ्याला फारशी किंमत नव्हती. पिवळा म्हणजे वकिली, पिवळा म्हणजे डोकं चालवणं. शाळेत मुलं एकमेकांना "पिवळ्या" म्हणून चिडवत. यंत्र येण्याआधीही लोक असंच मानत असणार. आता त्या समजुतीला दिवे लागले होते, एवढंच.

"दुःखात असं होतं," सोवनी कागदावर काहीतरी लिहीत म्हणाला. "जवळचं माणूस गेलं, की मन चित्र रंगवतं."

"असं होताना तुम्ही पाहिलंय?"

"वाचलंय."

"म्हणजे निळा," मयूरी म्हणाली.

तो ओशाळून हसला. पोलिसांसाठी यंत्र चालवणारा तो तिशीच्या आतला, चष्मेवाला, आदल्या रात्रीपासून झोप नसलेला माणूस होता. "मी तुमची चाचणी बाद धरतो. पट्टा सरकला असं लिहितो. बाकीचे सगळे हिरवे आहेत, एकट्या तुमच्यासाठी अहवाल अडवून ठेवण्यात अर्थ नाही."

"पण पट्टा सरकला नव्हता."

"ताई, तुमच्या भावाच्याच बाजूचा निकाल आहे."

तिने डोळे मिटून बघितलं. चित्र होतं. बांधावर जितू. हातातलं वल्हं डोक्यावर उगारलेलं. तेजसचा पिवळा शर्ट. वल्हं खाली येतं, तेजस उघाडीच्या तोंडाशी काळ्या चिखलात पालथा पडतो आणि चिखल जितूच्या गुडघ्यापर्यंत उडतो. कितीतरी दिवस हे चित्र तिच्याजवळ होतं. ते कुठून आलं, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा हेमंत पायरीवरच होता. तिचा थोरला भाऊ. तेजस गेल्यापासून त्याने दाढी केली नव्हती आणि नीट जेवलाही नव्हता.

"काय लागला?"

ती थांबली. खोटं बोलायचं कारण तिला त्या क्षणी दिसलं नाही. "हिरवा. पण दादा, मी तर—"

हेमंत गर्दीकडे वळला. "ऐकलंत? ही पुण्याला होती. पुण्याला. तरी हिरवा."

कुणाच्याही चेहऱ्यावर शंका उमटली नाही. मयूरीला पुढे कितीतरी दिवस ते चेहरे आठवत राहिले. एक बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "रगताचं नातं गो. पाठच्या भावाचा जीव जाताना बहिणीला दिसणारच." मागून कुणीतरी म्हणालं, "मशीनला पन कललं. मग आपन कसली वाट बघतोय?"

"कुठाय तो?" हेमंतने विचारलं.

"बांधावर. कोलंबीला खाद्य घालतोय मेला. जसं काय झालंच नाय."

पंचायतीच्या दारात दोन हवालदार होते. एकाने हात आडवा केला. तो हात गर्दीत दिसेनासा झाला आणि परत दिसला तेव्हा त्याच्यात काठी नव्हती.

*

जितू मायंगडे आणि तेजस यांनी मिळून खाडीकाठी कोळंबीची दोन तळी केली होती. डिसेंबरात त्यांचं बिनसलं. रोगट बियाणं कुणी आणलं यावरून भर बाजारात शिवीगाळ झाली. जितू म्हणाला होता, "परत तुझ्या तळ्यावर पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही." महिन्याभरात तेजस मेला. जितू म्हणत होता की तो त्या दिवशी चिपळूणला गेला होता, पण तिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. जानेवारीत एकही साक्षीदार नव्हता. एप्रिलमध्ये गावभर साक्षीदार झाले. पोलिसांना वाटलं, लोकांची भीड चेपली.

मयूरी पोचली तेव्हा जितू खाली पडलेला होता.

बांध जेमतेम दोन माणसांच्या रुंदीचा. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला खाडी. त्या अरुंद जागेत माणसं एकामागे एक उभी होती. पुढच्याचा हात थकला की तो मागे येई आणि मागचा पुढे जाई. रांगेला शिस्त होती. जितूचा एक डोळा बंद झाला होता. खालचा ओठ मधोमध फाटून दोन बाजूंना लोंबत होता. त्याचा उजवा हात कोपरापाशी नको त्या दिशेला वळला होता आणि तरी तो त्याच हाताने डोकं झाकायला बघत होता.

"दादा, थांबव," ती माणसांच्या बगलेतून घुसत ओरडली. "दादा, मी नव्हते इथे. माझा दिवा चुकलाय."

कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं. ती बांधाच्या कडेला गुडघ्यांवर आदळली, तोंडात रक्ताची चव आली. समोर उघाडी होती, म्हणजे खाडीचं पाणी तळ्यात घ्यायचा दरवाजा. लाकडी झडप, आणि वर ती उचलायचा, हँडल नसलेला लोखंडी रहाट. बरोबर ह्याच जागी, चित्रात तेजस चिखलात पडला होता.

चिखल नव्हता.

पाणी होतं. बांधाच्या काठाला लागलेलं, पुरुषभर खोल पाणी. दुपारचे बारा वाजत आले होते आणि चैत्रातली अमावास्या होती.

खाडीकाठच्या माणसाला भरतीची वेळ कुणी शिकवावी लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो; अमावास्या पंधरावी. अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती. तेजसही अमावास्येलाच गेला आणि त्याचा फोन बाराच्या सुमारास बंद पडला होता. तेव्हाही इथे एवढंच पाणी असणार. त्या वेळी इथे चिखलात कुणी पडूच शकत नाही. उडायला चिखलच नाही.

मग तिला दिसलेला चिखल कधीचा?

अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. फाल्गुन वद्य अष्टमी. शिमगा. पालखी घरं घेत घेत खाडीवरच्या विसाव्याला ह्याच बांधावर टेकते. शिमग्याची रजा घेऊन ती गावी आली होती आणि सगळ्यांबरोबर इथे बसली होती. शिमग्यात वर्षभरातल्या भानगडींची सोंगं काढायची गावाची रीत. यंदा गणू रेवाळे जितू झाला होता. सोंग झकास वठावं म्हणून हेमंतने कपाटातून तेजसचा पिवळा शर्ट काढून दिला होता. गणूने वल्हं उगारलं तेव्हा माणसं आधी हसली होती. तेजस झालेला पोरगा चिखलात पडला आणि उठलाच नाही, तसं हसू थांबलं. मग बाया रडल्या. मयूरीही रडली होती.

खरी जागा, खरा उजेड, खरा शर्ट. डोळ्यांनी पाहिलेला खून. यंत्राने कुणाचंही खोटं पकडलं नव्हतं, कारण कुणी खोटं बोलतच नव्हतं.

"सोंग होतं ते," ती किंचाळली. "गणूचं सोंग. त्या दिवशी भरती होती, अमावास्या होती—"

"अमावास्या," खालून जितू म्हणाला. त्याच्या फाटक्या ओठांतून शब्द रक्ताबरोबर येत होते. मयूरीचाच शब्द तो पकडून राहिला होता. "अमावास्या होती रे. अमावास्या..."

"बगा, सोताच कबूल करतोय," एक म्हातारा गरजला. "अमावास्येचा बळी दिलान पोराचा."

लोक एकदम एक पाऊल मागे सरले. जी जागा झाली तिच्यात हेमंत उभा होता. त्याच्या हातात बांधाचे दगड हलवायची पहार होती.

"दादा, मी पाया पडते. इकडे बघ. चिखल कुठाय? मला चिखल दाखव."

हेमंतने तिच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. शाळेत गणित सुटल्यावर त्याचा चेहरा व्हायचा तसा तो स्वच्छ, मोकळा झाला होता. त्याला ठाऊक होतं. ठाऊक असण्याने माणसाला किती बरं वाटतं, हे तिने इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"तुला पिवळं सुचतंय," तो म्हणाला. "बाजूला हो."

पहिला घाव खांद्यावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसऱ्याला जितूने डावा हात वर केला. बोटं पहारीखाली दगडावर चेचली. तो ओरडला नाही, फक्त त्याचे पाय बांधावर टाचा घासत राहिले. तिसरा घाव डोक्यावर. मयूरीच्या गालावर काहीतरी गरम उडालं. टाचा घासायच्या थांबल्या. हेमंतने त्यानंतरही दोनदा मारलं. त्यानंतरचा आवाज ओला होता.

भरतीचं पाणी बांधाच्या काठावर चुबकत होतं. हेमंतने हातातल्या पहारीकडे बघितलं आणि ती उघाडीजवळच्या तळ्यात टाकली. तेजस गेल्यापासून वादात पडून राहिलेलं, कुणी हात न लावलेलं ते तळं. पाण्यावर शेवाळाचा थर होता. तो फाटला आणि पुन्हा मिटला.

*

पोलीस निरीक्षक ढेकणे मॅडमनी गावातल्या प्रत्येकाला विचारलं. जितूला कुणी मारलं?

"गर्दी होती, साहेब."

"मी मागं होतो."

"ऐकलं तसं. बगितलं नाय."

पंधरा दिवसांपूर्वी ज्यांनी सगळं पाहिलं होतं त्यांच्यापैकी कुणीही आता काही पाहिलं नव्हतं.

सोवनी मयूरीला भेटायला घरी आला. तो पायरीवरच उभा राहिला, आत यायला तयार नव्हता. "तुमची चाचणी बाद करायला नको होती. यंत्र फसतंय हे सगळ्या गावात तीच एक सांगत होती." त्याने सोंगाबद्दलचं तिचं म्हणणं वरिष्ठांना कळवलं होतं. इतर जिल्ह्यांतही असे प्रकार सापडू लागले. कुठे मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिलेली बनावट चित्रफीत, कुठे बातम्यांतलं नाट्यरूपांतर. दिवे हिरवे. आठवड्याभरात राज्यभर प्रमाणदर्शकाचा वापर थांबवला गेला.

"म्हणजे आता गावाला पट्टा लावता येणार नाही," मयूरी म्हणाली.

"नाही. लावला तरी वकील उडवून लावेल. तुमचंच उदाहरण देऊन." त्याने चष्मा पुसला. "तुम्हीसुद्धा प्रत्यक्ष पाहिलंत म्हणालात, तर तोच विचारेल. हे कशावरून सोंग नव्हतं?"

तो गेल्यावर आई चुलीजवळून म्हणाली, "बरा झाला."

"काय बरं झालं, आये?"

"तुज्याच तोंडान मशीन खोटी पडली. आता तुज्या एकटीच्या डोल्यांना कोन इचारतंय?" आईने राखेत फुंकर घातली. "एक गेला. दुसऱ्याला तू घालवू नको. मी काय जास्त मागत नाय."

"आणि दीपालीने काय करायचं?" दीपाली जितूची बायको. तिने नवऱ्याला ओळखलं ते पायातल्या चपलेवरून.

आईने चुलीत लाकूड सारलं. मागच्या पडवीत हेमंत तेजसच्या फोटोसमोर बसला होता. तो मयूरीशी बोलत होता, हसतही होता. त्याला रात्री शांत झोप लागत होती. त्याच्या दृष्टीने सगळं पुरं झालं होतं.

ती त्याच्यासमोर जाऊन बसली. "दादा, तेजस त्या दिवशी उघाडीवर का गेला असेल?"

"तळ्यात पाणी घ्यायला. अमावास्येची मोठी भरती. आणि कशाला?"

"झडप उचलायला माणसं किती लागतात?"

"दोन. एक हँडल फिरवतो, एक रहाट अडवायला खिट्टी टाकतो. नायतर झडपेच्या वजनानं हँडल उलटं—" तो थांबला. मग म्हणाला, "तू चहा घेतलास काय?"

*

ढेकणे मॅडमच्या टेबलावर पंखा फिरत होता. मयूरीचं म्हणणं ऐकून झाल्यावर त्या बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिल्या.

"सख्ख्या भावाचं नाव घेताय."

"हो."

"महिन्यापूर्वी विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, जितूने मारलं, मी पाहिलं. तेवढ्याच खात्रीने."

"तेवढ्याच. आत काही फरक जाणवत नाही, मॅडम. खात्री म्हणजे नुसतं वाटणं आहे, भुकेसारखं. ते दोन्ही वेळेला सारखंच असतं."

"मग मी तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नका. उघाडीचं तळं रिकामं करा. त्याच्यात दोन वस्तू सापडतील. उघाडीपासून हातभर डावीकडे पहार. ती टाकताना मी पाहिली. दुसरी मी पाहिलेली नाही. रहाटाचं लोखंडी हँडल. ते झडपेच्या आतल्या बाजूला गाळात असेल, आणि खिट्टीचा दात तुटलेला असेल. तेजस भांडणामुळे एकटा गेला. त्याला जितूला बोलवायचं नव्हतं. दात तुटला, झडप कोसळली आणि हँडल उलटं फिरून, सुटून त्याच्या डोक्यात बसलं."

"पंचनाम्यात हँडलचा उल्लेख नाही."

"तुम्ही काय शोधत होतात?"

"शस्त्र," ढेकणे मॅडम म्हणाल्या, आणि टोपण लावून पेन खाली ठेवलं.

*

पुढच्या अष्टमीला दुपारच्या ओहोटीला दुसऱ्या उघाडीचं हँडल आणून रहाटाला बसवलं. त्याआधी एका हवालदाराने खिट्टी हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. दात मुळापासून गेला होता. झडप दोरखंडांनी बांधून वर घेतली आणि तळ्याचं पाणी खाडीत पडू लागलं.

गाव बांधावर जमलं होतं. दीपाली पलीकडच्या टोकाला एकटी उभी होती. आईने डोक्यावरून पदर घेऊन तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. हेमंत दोन पोलिसांच्या मध्ये होता. अजून त्याला बेड्या नव्हत्या. तो निवांत दिसत होता.

पाणी गुडघाभर राहिलं तेव्हा पहार दिसली. हवालदाराने ती फडक्यात धरून वर काढली. हेमंतने मान हलवली, जणू एखाद्या हिशेबाला त्याची हरकत नव्हती.

"मारलं मी," तो म्हणाला. "माझ्या भावाला मारलन त्यानं. गावानं बघितलंय."

"दुसरी शोधा," ढेकणे मॅडम म्हणाल्या.

दोन माणसं झडपेच्या आत गाळात उतरली. फावड्याने काळा चिखल उपसून बाजूला टाकू लागली. तो त्यांच्या गुडघ्यांपर्यंत उडत होता. बांधावरच्या माणसांनी ते बघितलं आणि एकेकाची नजर खाली वळली. गणू रेवाळे हळूच गर्दीतून मागे सरला. बराच वेळ काही सापडेना. आपण चुकलो असू, हे मयूरीला मान्य करून ठेवावं लागलं.

मग फावडं लोखंडावर वाजलं.

हँडल हातभर लांबीचं होतं, काटकोनात वाकलेलं. गाळ धुतल्यावर मुठीचं लाकूड दिसलं. मुठीवर पिवळ्या कापडाची चिंधी गुंडाळलेली होती, हात सोलू नये म्हणून. तेजस प्रत्येक अवजाराच्या मुठीला जुन्या शर्टाची चिंधी बांधत असे, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

हेमंत पुढे झाला. पोलिसांनी त्याला अडवलं नाही. त्याने ती चिंधी बोटांनी चाचपली. मग त्याने बांधाच्या दुसऱ्या बाजूला बघितलं, जिथे जितू पडला होता. तिथल्या दगडावर चुना मारला होता, तरी डाग वर आला होता. हेमंत चिखलातच बसला.

"एकटाच आलेला तो?" त्याने विचारलं. आवाज लहान मुलासारखा आला होता. "मयू, कोण नव्हतं त्याच्याबरोबर? तू बघितलंस?"

"नाही, दादा," ती म्हणाली. "ताडलं."